मधे पाणी घालायचं नाही

रवि. २४ जानेवारी १९६०

भर दुपारी तीन गोधड्यांखाली वीस मिनिटं. फिल्म चकरीवर चढवायला काळोख लागतो आणि आमच्या खोलीत दिवसाउजेडी काळोख फक्त गोधडीत मिळतो. घामाचा एक थेंब फिल्मवर नक्की पडलाय. शेजारचे सकपाळकाका मधेच डोकावले. सुमनला विचारतात, "हिवताप भरला काय गं ह्याला?" ती म्हणाली, "नाही काका, फोटो धुतायत." गोधडीत शिरून माणूस काय धुतो, ह्या विचारात काका परत गेले. मला आत हसू आलं, चकरी हातातून सुटली, परत पहिल्यापासून.

पण चढली शेवटी. डबा बंद करून बाहेर आलो. काळा बेकेलाइटचा डबा, ऑफिसातल्या फर्नांडिसचा. झाकणाच्या भोकातून औषध आत जातं, उजेड जात नाही. मोरीत बसलो. पहिली बाटली डब्यात, चार मिनिटं, औषध परत बाटलीत. लगेच दुसरी, चार मिनिटं. मग चित्र पक्कं करणारा हायपो. आजवर एकाच औषधात धुवायचो. दोन बाटल्यांचा आज पहिला प्रयोग.

आई स्टोव्हपाशी बसून सगळं बघत होती. दुसरी बाटली उचलून तिने वास घेतला. "हा तर धुन्याचा सोडा!"
आहेच. फ.ने लिहून दिलेल्या चिठ्ठीवर दुसऱ्या बाटलीत तेवढंच आहे, सोडा आणि पाणी. आईचा ह्या विद्येवरचा विश्वास त्या क्षणी उडाला असावा.

आठांपैकी सात आल्या. दोरीवर सु.च्या पोलक्यांशेजारी वाळताहेत.

सोम. २५ जाने.

निगेटिव्ह ऑफिसात नेल्या. फ. माझ्या शेजारच्या टेबलावर. आम्ही दोघे वर्कशॉपातले ट्रेसर, साहेब काढतो ती यंत्रं आम्ही शाईने गिरवतो. फ. गिरवण्यात माझ्यापेक्षा बरा, अक्षरात मी. फोटोत मी त्याचा चेला.

खिडकीपाशी धरून एकेक बघितली. म्हणाला, "बघ, सदरा पण हाय आणि तोंड पण हाय."
माझं दुखणं हेच होतं. आमची माणसं काळी, कपडे पांढरे, वर मुंबईचं ऊन. सदरा नीट आणावा तर चेहऱ्याच्या जागी डांबर. चेहरा आणावा तर सदरा नुसता चुन्याचा. मी कॅमेऱ्याला शिव्या देत होतो.

फ.चं म्हणणं असं. पहिल्या बाटलीत फिल्म नुसती पिते, होत काहीच नाही. दुसऱ्यात सोडा लागला की प्यालेलं औषध कामाला लागतं. सगळ्यांना वाटणी सारखी. पांढऱ्या कपड्याचा भाग अधाशी, आपला वाटा लगेच संपवून गप्प बसतो. चेहरा सावकाश जेवतो, त्याचं चालूच राहतं. म्हणून दोघंही येतात.
"पयल्यात भिजव, दुसऱ्यात शिजव. मधे पाणी नाय घालायचा. समजला?"
समजला.

रवि. ३१ जाने.

संध्याकाळी दाराच्या फटींना चिंध्या कोंबल्या, बल्बला लाल कागद, आणि कागदावर छापले. सकपाळकाका सदऱ्यासकट आले, चेहऱ्यासकटही आले. कपाळावरचा व्रण दिसतो. सु. पोट लपवायला घमेलं धरून उभी आहे, तिला वाटतं लपलं. पाचवा महिना कसला लपतो.

आईने सगळे पाहिले. एकेकाच्या नाकावरून बोट फिरवलं. "समद्यांचं नाक-डोळं आल्यात," म्हणाली. मी लगेच म्हटलं, आता तुझा काढू. उठून मोरीत गेली.

तिचंही बरोबर आहे. तिचे आयुष्यात दोन फोटो. एक आबांबरोबरचा, आबा गिरणीत लागले तेव्हाचा. त्यात आबा आहेत, तिच्या लुगड्याचे काठ आहेत, बांगड्या मोजून घ्याव्यात. चेहऱ्याच्या जागी सावली. दुसरा माझ्या लग्नातला. त्या स्टुडिओवाल्याने पेन्सिल फिरवून फिरवून तिला गोरी केली. आईने तो हातात घेतला आणि विचारलं, "ही बया कोन?" आम्ही सगळे हसलो होतो. तेव्हापासून कॅमेरा निघाला की ती मोरीत.

रवि. ७ फेब्रुवारी

रविवारी लिहायला वेळ मिळतो, त्यामुळे माझं आयुष्य फक्त रविवारीच घडतं असं वाचणाऱ्याला वाटेल. वाचणार कोण म्हणा.

काल जेवताना सु. म्हणाली, पोर कुणासारखं होईल? मी म्हटलं, रंग माझा, जीभ तुझी. आई हसली नाही. म्हणाली, "माझ्या आयसारखं झालं तर मला कळायचं बी न्हाय."
आजी गेली तेव्हा आई सहा वर्षांची. गावात पटकी आली होती. फोटो कुठला असायला, तेव्हा आमच्या वाडीत आरसाही एकच होता म्हणे. आई म्हणाली, "डोळं मिटलं का पदर दिसतो. हात दिसतो, भाकर थापताना. तोंड न्हाय दिसत. लई येळा बगितलं." माझा मामा तेव्हा पंधराचा, त्याला आठवत असेल. तिला नाही.
मी एवढी वर्षं तिच्या पोटचा, आणि हे मला काल कळलं.

आज सकाळी चहाचा कप पुढे ठेवत म्हणाली, "बाबू, माझा एक काड. तुज्या पोराला पुडं असं व्हायला नको."

रवि. १४ फेब्रु.

आई खालच्या विहारातून वंदना आटोपून आली तशीच तिला मैदानात बसवली. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, दहाचं ऊन. अख्खा रोल तिच्यासाठी. हा शेवटचाच होता. बाहेरून माल येणं बंद आहे, दुकानदार महिनाभर "पुढल्या आठवड्यात" म्हणतोय.

पहिल्या सात फोटोंत आई दवाखान्यात बसल्यासारखी बसली. सांगून काही उपयोग नाही. "नीट बस" म्हटलं की आणखी ताठ. आठव्याला सु. वरून ओरडली, "आई, दूध उतू गेलं!" आईने झटकन वर बघितलं, तोंड अर्धं उघडं, आता सुनेला काहीतरी बोलणार. तेवढ्यात दाबलं.
दूध घरात नव्हतंच. सुनेला बोलणी बसायची ती बसली. पण हा एक फोटो येणार, मला माहीत आहे.

गुरु. १८ फेब्रु.

समितीचं काम फार वाढलं. चाळीत कुणाचं अक्षर चांगलं असू नये. सभा म्हटली की फळा माझ्याकडे. मुंबई मिळणार हे आता सगळेच धरून चालतात, तरी सभा कमी होत नाहीत. तक्रार नाही. "मुंबई" हा शब्द मी इतक्यांदा रंगवलाय की डोळे बांधून काढीन.

रवि. २१ फेब्रु.

आईचा रोल धुतला. गोधडीत आज दहाच मिनिटं, हात बसला आता. पहिली बाटली चार मिनिटं, औषध परत बाटलीत. एवढ्यात खालून हाका. समितीचे दोघे, फळा घेऊन. सभेची वेळ बदलली, सहाच्या जागी साडेसहा करायचं होतं. एका आकड्याचं काम म्हणून गेलो तर दहा मिनिटं. डबा मोरीत रिकामा होता, पण फिल्म बंद डब्यात प्यालेली बसली आहे, तिचं काय बिघडणार. वर येऊन दुसरी बाटली, मग हायपो.

उघडली. कोरी.

उन्हात धरली. अगदी तिरकी धरली की कुठेतरी साडीसारखं काही. बाकी काच.
सु.ने विचारलं, काय झालं? म्हटलं, रोल जुना होता. आई म्हणाली, "जाऊ दे, न्हाय येत माझं." आणि भाजी निवडायला बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, सवय होती. मला ते फार लागलं.

सोम. २२ फेब्रु.

फ.ने फिल्म एकदाच बघितली. "पाणी घातला मधे."
नाही.
"घातला, मॅन. प्यालेला औषध धुऊन गेला. दुसऱ्यात शिजायला उरला काय?"
मी शपथ घेतली. तो म्हणाला, शपथ फिल्मला सांग.

मंगळ. २३ फेब्रु.

कळलं.

संध्याकाळी आई आपणहून म्हणाली, "तुजा तो काळा डबा मोरीत नासका पडला व्हता परवा. वास येत व्हता. मी इसळून ठेवला." किती वेळा? "तीनदा." वर झाकणाच्या भोकातून पाणी ओतायचं, हलवायचं, उलटा करायचा, हे मी करताना तिने बघितलेलंच होतं. अगदी माझ्यासारखं केलं. तीनदा.

राग आला. खोटं कशाला लिहू, पाच मिनिटं चांगलाच आला. बाहेर जाऊन पॅसेजमध्ये उभा राहिलो. नळावर बायका होत्या.

आमच्या घरात भांडं तीनदा विसळतात. पाण्याचा तांब्यासुद्धा. लहानपणापासून बघतोय, कधी विचारलं नाही का ते. गावाला आईला पाणी वरून मिळायचं, ओंजळीत, ओतणाऱ्याची मर्जी असली तर. मुंबईत गिरणीत आली तर तिथेही पिण्याचा डेरा वेगळा. मग चाळीत नळ मिळाला, तिच्या हाताने सोडता येणारा. तेव्हापासून ही बाई विसळते आहे. "कुनी बोट दावता कामा न्हाय" हे तिचं नेहमीचं. बोट दाखवायला आता कोणी येत नाही, तरी विसळते. औषधाचा खरकटा डबा तिच्या मोरीत तसाच राहील कसा?

स्वतःच्या हाताने स्वतःचाच चेहरा धुऊन टाकला, आणि तिला ठाऊकही नाही. सांगणार नाही. सु.ला सांगितलं, तिलाही बजावलं.

रवि. ६ मार्च

फ. जेवायला आला. त्याच्यासाठी आईने सुक्या बोंबलाचं कालवण केलं, तो तीन वेळा वाढून घेत होता. आई खूष. येताना जुन्या पेटीतला एक रोल घेऊन आला होता, रुमालात गुंडाळून. तारीख उलटलेली, पण "चालेल, मॅन, म्हातारा हाय पण चालेल."

आणि हात धुताना आमचा हा शहाणा विचारतो, "मग पाणी घातला कोण, ते कळला काय?"
मी डोळे मोठे केले. त्याने ते पाहिले नाहीत. सु. खोकली. त्याने सगळं समजावून सांगितलं, मोरीकडे बोट करून, पहिल्यात भिजव, दुसऱ्यात शिजव, मधे पाणी घातलं की खलास. आई हातात तांब्या घेऊन उभी होती.
फ. गेल्यावर तिने विचारलं, "त्यात माझे फोटू व्हते?"
हो म्हटलं.
"समदे?"
हो.

मंगळ. ८ मार्च

दोन दिवस आई बोलत नाही. माझ्याशी नाही असं नाही, कुणाशीच नाही. काल भांडी दोनदाच विसळली. सु.ने मोजलं. म्हणाली, अहो, हे बरं लक्षण नाही.

बुध. ९ मार्च

बोलली. सकाळी डबा घेऊन समोर बसली. "समदं सांग. पयल्यापासनं."
सगळं सांगितलं. चकरी दाखवली, वाया गेलेली फिल्म चढवून दाखवली. तिने बोटांनी चढवून बघितली, डोळे मिटून. माझ्यापेक्षा लवकर चढली. वीस वर्षं गिरणीत तुटलेले धागे जोडलेत, त्या बोटांना फिल्म म्हणजे काय मोठं.
मग म्हणाली, "जयंतीला काड. तवा बसंन मी नीट."
आणि रात्रीची भांडी तीनदा.

रवि. २७ मार्च

उकाडा सुरू. फ. म्हणतो फिल्म उन्हाळ्यात हुळहुळी होते, नखानेही निघते. फिल्म धुवायच्या आधी बाटल्या तासभर थंड पाण्यात ठेव. आईने माठाशेजारी घमेलं मांडलंय, वर ओलं फडकं. माठाचा मान औषधाला मिळाला.

सु.ला चिंच हवी असते. लालबागपर्यंत जाऊन आणली, तर म्हणे ही नव्हे, ती.

गुरु. १४ एप्रिल

जयंती. पहाटेपासून चाळ जागी. खाली निळे झेंडे, वर पताका, सगळ्या बाया पांढऱ्याशुभ्र. दरवाजावरचा फळा मीच रंगवलेला, "ज"ला जरा जास्त शेपूट झालंय, कुणी बोललं नाही.

वंदना झाल्यावर आई स्वतः मैदानात जाऊन बसली. मी कॅमेरा घेऊन येईपर्यंत तिथेच होती. मी म्हटलं, आई, दूध उतू गेलं. म्हणाली, "गप. घरात दूध न्हाय." आणि बसली ती बसली. ताठ नाही, वाकून नाही. भाकरी भाजून झाल्यावर चुलीपुढे दोन मिनिटं बसते तशी. भिंगाकडे बघत होती असंही नाही. मी आठ वेळा दाबलं, ती हलली नाही. नंतर विचारलं, कसला विचार करत होतीस? "कायबी न्हाय. आयला आठवत व्हते. हाताकडून सुरवात केली, पर वर जाईना."

रवि. १७ एप्रिल

आजचं सविस्तर लिहितो.

गोधडीत मी शिरलोच नाही. आई शिरली. "माझी बोटं बरी," म्हणाली, आणि खरंच बरी. पाच मिनिटांत गोधडीतून आवाज, "झालं." सकपाळकाका आलेच होते. आता म्हातारीलाही हिवताप, असं त्यांना वाटू नये म्हणून सु.ने त्यांना चहा दिला आणि बसवून घेतलं. दाराला आतून कडी. समितीचे आले तरी फळा बाहेर ठेवून जायचं, असं काकांना सांगून ठेवलं. काका दाराशी पहाऱ्याला.

पहिली बाटली ओतली. आई समोर पाटावर, दोन्ही हात पदराखाली घेऊन. म्हटलं, असे का? "चुकून जातील," म्हणाली. चार मिनिटं घड्याळ मी बघत होतो आणि ती डबा. ओतून काढलं. डबा रिकामा झाला. आईचे हात पदराखाली वळवळले, मी पाहिलं. ओठ हलत होते. "मधे पानी न्हाय, मधे पानी न्हाय." दुसरी बाटली आत गेली तेव्हा तिने श्वास सोडला. मीही सोडला.

हायपो झाल्यावर डबा उघडला. आहे. आठही आहेत. पहिल्याच नजरेत कळलं. साडीची घडी न् घडी, आणि चेहरा.

आईने विचारलं, "आता?"
म्हटलं, आता अर्धा तास पाणी. आता विसळ, हवं तितकं.
तिने पदर खोचला. आधी माझ्याकडे बघितलं, खरंच ना, म्हणून. मग अशी विसळली, अशी विसळली! पाणी भरायचं, हलवायचं, ओतायचं. बादली संपली तर काका धावत नळावरून दुसरी घेऊन आले. मी मोजायचं सोडून दिलं. फिल्मवर एक डाग नाही, एक कण नाही. फ.ला दाखवीन तेव्हा म्हणेल, कुठल्या लॅबमध्ये धुतली.

आज मी फार सुखात आहे. एवढंच.

बुध. २० एप्रिल

संध्याकाळी छापले. कागदाचं पाकीट संपत आलं होतं, पहिले दोन फुकट गेले, चांगल्या प्रती दोनच निघाल्या. सहावा फोटो निवडला. लाल उजेडात कागदावर आधी साडी आली, मग पदराची कड, मग सावकाश, अगदी तिच्या चालीने, चेहरा. गालावरच्या सुरकुत्या. हनुवटीवरचं गोंदण. मी ते रोज बघतो, पण आज पाहिलं.

धुऊन, टिपून आईच्या हातात दिला. दार उघडलं, पॅसेजच्या दिव्याखाली जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं, आता म्हणणार, ही बया कोन.
ती म्हणाली, "आये."
मला वाटलं, कुठे दुखलं-खुपलं. सु. उठली. आईने हात केला, थांब म्हणून. फोटोवरून नजर काढली नाही.
"ही माझी आय हाय."

तिने फोटोतल्या हनुवटीला बोट लावलं, मग स्वतःच्या. गोंदण एकसारखंच म्हणे, आजीचं पाहूनच तिला गोंदलं होतं, ते आज आठवलं. "अशीच बसायची. भाकरी झाल्या का." मग खाली बसली आणि रडली. नंतर हसली, नंतर परत रडली. सु.ही रडली, ती हल्ली चिंचेवरूनही रडते. मी मोरीत जाऊन बाटल्यांना बुचं लावली. उघडी राहिली की औषध मरतं.

रवि. २४ एप्रिल

आईच्या मनात आता भलतंच. मामाला फोटो पाठवायचा. मामा गावी, तोच एकटा उरलाय आजीला पाहिलेला. वर काही लिहायचं नाही, कुणाचा ते सांगायचं नाही. "त्याला म्हनावं, वळख."

पत्र मीच लिहिलं, तिने सांगितलं तसं. "फोटो बघून कोण ते कळवावे. फोटो परत धाडावा, दोनच आहेत." परत धाडावा, हे तिने दोनदा लिहायला लावलं. मामाला वाचता येत नाही, मास्तरांकडून वाचून घेतो आणि लिहवूनही.

सु. मला हळूच म्हणाली, आणि मामा म्हणाले की नाही, आई काही अशी नव्हती, तर? मी म्हटलं, पत्र मीच वाचून दाखवणार ना. ती म्हणाली, "तेच म्हणते मी. काय वाचाल?"
काय वाचेन, माहीत नाही. मामाने आईला पाहूनसुद्धा बारा वर्षं झाली. तो सरळ "ही तूच की" म्हणेल, तेही शक्य आहे.

सोम. २५ एप्रिल

टपालात टाकलं. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा घातला. पाकीट चांगलं जाड झालं.

रवि. १ मे

महाराष्ट्र झाला. मुंबईसह. काल संध्याकाळपासून डिलाईल रोडवर दिवे, लेझीम, गुलाल. करी रोडच्या पुलावर उभं राहायला जागा नाही. इतकी वर्षं फळे रंगवले, आज "मुंबई" रंगवायला कुणी आलं नाही तर चुकल्यासारखं झालं. गोळीबारात गेलेल्यांची नावं खाली वाचली, तेव्हा सगळे उभे राहिले. सकपाळकाका रडत होते, गिरणीत त्यांच्या खात्यातला एक जण त्यांत होता.

रोल नाही. असता तर आज दोन बाटल्या कमी पडल्या असत्या. आईने मला पेढा दिला आणि विचारलं, "टपाल आज बंद असंल न्हाय?" बंद असणार, म्हटलं.

गुरु. ५ मे

पत्र नाही. आई पोस्टमनला आता नावाने हाक मारते.

शनि. ७ मे

अर्धा दिवस. घरी आलो तर आई दारातच. हातात पाकीट. सकाळच्या टपालाने आलं, सु. वाचून दाखवते म्हणाली होती, आईने दिलं नाही.
"दे, फोडतो," म्हटलं.
तिने दिलं नाही. पाकीट दोन बोटांत धरून दाबून बघितलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, कापडाचा पोत बघतात तसं. पातळ. आत एकच कागद असावा.
"फोटू न्हाय ह्यात," म्हणाली.
मी दाबून पाहिलं. नाही.
"परत धाड म्हनून दोनदा लिवलं व्हतं ना?"
लिहिलं होतं.
तिचा चेहरा असा झाला की कॅमेऱ्यात रोल नाही ह्याची मला लाज वाटली.
"ठेवून घेतला त्यानं."

आपल्या आईचाच म्हणून नव्हे, बहिणीचा म्हणूनही माणूस ठेवून घेईल, हे मला तेव्हाच सुचलं. बोललो नाही. म्हटलं, वाचू का?
"जेव आधी. काय घाई हाय."

जेवण झालं. पाकीट कपाटावर आहे, फोटोला टेकवून. सु. मला डोळ्यांनी खुणावते आहे, फोडा. मी हे लिहितो आहे. आई मोरीत भांडी विसळते आहे, दुसऱ्यांदा झाली, तिसऱ्यांदा चालली आहे.